फळी इकडं, कड्या तिकडं

खरं सांगून टाकते, माझ्यासारखी येडी बंगई सगळ्या वऱ्हाडात दुसरी नसेल. कोर्टाचा बेलीफ दोन पंच घेऊन मले न्यायला आला, तेव्हा मले वाटलं, जज्जसाहेबाच्या घरी बसायला जागा कमी पडून राह्यली असेल. म्हटलं, चला, नशीब उघडलं. आता साहेब माझ्यावर बसून झोके घेतील, बाईसाहेब बाजूला बसून सुपारी कातरतील. मले बैलगाडीत उताणी टाकली तरी मी खुशीतच होती. रोहिणखेडची वेस ओलांडल्यावर बेलीफ गाडीवानाले म्हणाला, "हे धूड कोर्टात, नाझरच्या जप्तीमालाच्या खोलीत टाकायचं आहे." तेव्हाही मले वाटलं, धूड म्हणजे गाडीतलं दुसरं कोणी असेल.

ज्यांनी बंगई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुण्याकडची माणसं जिले झोपाळा म्हणतात, ती मी. एक रुंद सागवानी फळी, चार कोपऱ्यांत चार पितळी कड्या, अन् वर तुळईत चार आकडे. वय चाळिशीच्या पुढं. अंगावर पॉलिश नाही, पण बसणाऱ्यांनी बसून-बसून जी चकाकी आणली ती आहे. म्हणजे होती.

माझं माहेर धाडचं. साग कोणत्या डोंगरातला होता ते आठवत नाही. झाड होती तेव्हा मी बोलतच नव्हती, त्याची भरपाई आता करून राह्यली. कडूबा सुतारानं मले रंधा मारला. तो हात फिरवायचा, थांबायचा, पुन्हा रंधा घ्यायचा. "गावच्या पोरीच्या आंदनाची हाय," म्हणायचा. "एक कुसळ राह्यलं अन् सासरी तिच्या पातळाले लागलं, तं नाव माहं निंघन."

ती पोरगी म्हणजे कौशल्या. लगीन ठरलेलं, अन् ही भुशात बसून चिंचा खात होती. माझ्यावर चढून बसली, पाय हलवले अन् मले म्हणाली, "काय वं, येतं का माह्यासंगं?"

मी लाकूड. मी काय बोलणार? पण तिनं विचारलं होतं. पुढं माझ्या सगळ्या जन्मात मले पुन्हा असं कोणी विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाले येईल.

घाट उतरून मी तिच्या वरातीमागं रोहिणखेडले आली. तिचे सासरे उकंडराव हौशी माणूस. फळी पाहून म्हणाले, "एवढ्या देखण्या फळीले दोर बांधू काय?" त्यांनी कासाराकडून पितळी कड्या घडवून आणल्या. प्रत्येक कडीवर एक मोर. अशी फळी सुनेच्या माहेरची अन् कड्या सासऱ्याच्या. तेव्हा यात कोणाले काही वावगं दिसलं नाही. मले तर वाटायचं, मी जन्मापासून एकच आहे.

त्याच सुमाराले सरकारनं आमचं वऱ्हाड मध्यप्रांताले जोडलं. ओसरीत चर्चा व्हायची, वऱ्हाडाले कोणी विचारलं का म्हणून. मी वरून लटकत ऐकायची अन् मनात म्हणायची, मले तरी कड्यांले जोडताना कोणी विचारलं? पण जुळलं ना आमचं. तसंच त्यांचंही जुळेल.

फक्त एक खोड मले लागली. कोणी बसलं की मी कुरकुरायची. मी आपली काहीबाही बोलत असायची, पण माणसांले ते कुरकुर ऐकू यायचं. कौशल्या हसायची. "तेल मागून राह्यली माही बंगई," म्हणायची, अन् वाटीत तेल घेऊन चारही कोपऱ्यांतल्या कड्यांले बोट फिरवायची. मले तेल नको असायचं. मले बोलायचं असायचं. पण तेल मिळालं की मी गप व्हायची. बाईमाणसाले गप करायचा तो एक उपाय आहे, चांगलं वागवायचं.

दोन-चार वर्षांनी धाकटा दीर हिंमतराव याचं लगीन झालं अन् अंबूबाई घरात आली. या दोघी जावा म्हणजे माझे दोन टोकं. कौशल्या पूर्वेच्या टोकाले, अंबू पश्चिमेच्या. मधे सूप. तुरीच्या शेंगा सोल, अंबाडीची भाजी निवड, अन् दोघींचे पाय एकाच वेळी भुईले लागायचे. एकटी कोणी टोकाले बसली की मी तिरपी व्हायची. दोघी बसल्या की सरळ. आता सांगा, मी बंगई होती की तराजू?

कौशल्याले मूल झालं नाही. अंबूची कोकिळा माझ्यावरच झोपायची, अन् झोक्याले पाय द्यायची कौशल्या. भांडणंही व्हायची. एकदा लोणच्याच्या मिठावरून दोघी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत, पण बसल्या मात्र आपापल्या टोकालेच. तोंडं दोन दिशांले, पाय एका ठेक्यात.

मग कौशल्याबाईचे मालक वारले. वाटणी झाली, अंगणात भिंत आली. कौशल्याबाईच्या वाट्याले भिंतीपलीकडची खोली आली. छप्पर इतकं बुटकं की उंच माणूस आत गेला तर नमस्कार करतच जाईल. मी मात्र ओसरीतच राह्यली, कारण तुळई तिकडं होती. मले टांगून घेईल असं तिच्या खोलीत काहीच नव्हतं. पण तिचं काही अडत नव्हतं. दुपार कलली की ती भिंतीचं फाटक लोटून यायची अन् पूर्वेच्या टोकाले बसायची. अंबू सूप घेऊन यायची.

असंच चाललं असतं. पण कोकिळाचं लगीन ठरलं, मोताळ्याच्या घरी. सोयरे बोलणी करायला आले. कौशल्याबाई आतून चहा घेऊन येत होती, अन् हिंमतराव माझ्यावर थाप मारून व्याह्यांले म्हणाला, "ही बंगई देतो आंदनात. असा साग आता मिळत नाही."

कपबश्या वाजल्या. कौशल्याबाईनं चहा ठेवला अन् पाव्हण्यांले एकेक कप दिला. ते गेल्यावर म्हणाली, "भाऊजी, बंगई माह्या माहेरची हाय. माह्या आंदनाची."

"घरात आली ते घराची झाली, वैनी," हिंमतराव म्हणाला. "तुमाले का मी बसू देत नव्हतो?"

"मले बसू देनारे तुमी कोन?"

"आता सोयऱ्यांपुढं शब्द गेला माहा."

"अन् माही फळी गेली!"

माणूस वाईट नव्हता तो. लेकीच्या लग्नात बापाची छाती जरा फुगते, तशी फुगली होती. पण फुगलेली छाती कधी मागं फिरत नाही. अंबूबाई दारात उभी होती. नवऱ्याकडं पाहे, जावेकडं पाहे. 

त्या दुपारी कौशल्याबाई एकटीच माझ्यावर बसली. मी तिरपी. ती हळूच म्हणाली, "इचारलं असतं तं म्या सोता कोकिळाच्या गाडीत टाकली असती वं तुले. इचारलं काऊन नाही?"

मी कुरकुरली. त्या दिवशी तिनं तेल आणलं नाही. ती तालुक्याले गेली, शेषराव वकिलाकडं.

पुढचं तुम्हाले माहीत आहे. मी गाडीत उताणी, अन् डोक्यात जज्जसाहेबांची सुपारी.

कोर्टाचा कायदा कसा असतो ते मले नाझरच्या खोलीत पडल्या-पडल्या कळलं. ज्या वस्तूसाठी दोघं भांडतात, ती आधी दोघांपासून काढून घ्यायची. वकिलानं बाईले समजावलं होतं, "बंगई एकदा मोताळ्याले गेली की तुमचा दावा हवेत जाईल. आधी जप्त करून सुरक्षित ठेवू." म्हणून मी सुरक्षित. इतकी सुरक्षित की मले कोणी हातही लावेना.

खोलीत आम्ही सगळे भांडणातलेच. एक नांगर होता, दोन भावांचा. एक बाजाची पेटी होती, दोन शाहिरांची. एक भिंतीवरचं घड्याळ होतं, ते बंद पडलेलं. त्याच्यासाठी कोण भांडत होतं देव जाणे. नाझरनं मले दोन संदुकांवर आडवी ठेवली अन् वर कागदांचे बस्ते रचले. आयुष्यभर माझ्यावर माणसं बसली, आता त्यांची भांडणं बसून राह्यली. भांडणं जड असतात. अन् पाय देत नाहीत.

खरा सोबती एकच, मोतीराम पट्टेवाला. दुपारी तो एक बस्ता बाजूला सरकवून माझ्यावर बसायचा, भाकर सोडायचा. मी लगेच कुरकुरायची, रोहिणखेडचं काही कळलं का म्हणून. तो म्हणायचा, "मोडते काय बे ही?" अन् जरा कोपऱ्याले सरकायचा. बस्, एवढंच आमचं बोलणं.

पण त्याचा पुकारा! कोर्टाच्या दारात उभा राहून तो असा आवाज द्यायचा जसा बाजारात वांगे विकून राह्यला. "कौशल्याबाईऽ विरुद्ध हिंमतरावऽ, हाजिर हाय काऽ!" भिंतीपलीकडून मी ऐकायची अन् माझा एकेक तंतू ताठ व्हायचा. वाटायचं, आज. आज मले नेतील.

आज काही नेलं नाही. कोर्टात आधी समन जातं, मग समोरचा आपली कैफियत देतो, मग जज्जसाहेब मुद्दे काढतात, मग पुरावा, मग निकाल. सांगायला किती सोपं. अन् मधे सगळ्या पेश्या, म्हणजे तारखा. एका पेशीले हिंमतरावाच्या वकिलाले ताप. एका पेशीले पोळा. एकदा साक्षीदार आला, तर साहेब दौऱ्यावर. पुढची पेशी, पुढची पेशी. मी जन्मभर पुढं-मागं झुलली, पण कोर्टासारखं झुलणं मले कधी जमलं नाही. ते नुसतं पुढंच जाते.

आता गंमत ऐका. मुद्दई, म्हणजे दावा लावणारी, कौशल्याबाई; मुद्दालेह, म्हणजे ज्याच्यावर दावा तो, हिंमतराव; अन् दोघं पेशीले एकाच बैलगाडीत यायचे. गाडी हिंमतरावाची. भावजय रोहिणखेडवरून पायी जाईल अन् आपण गाडीत बसू, तर गाव थुंकेल, हे त्याले माहीत होतं. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोघं एकाच फडक्यातली अंबूबाईनं बांधलेली भाकर खायचे. मोतीरामनंच हे सारं एकदा नाझरले सांगितलं. म्हणे, पुकारा झाला की हिंमतराव उठतो अन् म्हणतो, "चला वैनी, भांडाले बोलावलं." ती तोंड पुसते, पदर घेते अन् म्हणते, "चला. जबान सांभाळून बोलजा."

मग आत जाऊन तो सांगायचा, बंगई घराची. ती सांगायची, बंगई माहेरची. अन् संध्याकाळी एकाच गाडीत परत. मले वाटायचं, आज गाडीत तरी एक जण दुसऱ्याले विचारेल. घाटा-ओढ्याचा रस्ता, इतका लांब. पण वकिलानं बजावलं होतं, प्रकरण कोर्टात आहे, बाहेर काही बोलू नका. साधी माणसं, त्यांनी ऐकलं. कोकिळाचं लगीन बंगईशिवाय झालं.

मग कोर्टाची उन्हाळ्याची सुटी लागली. खोलीले कुलूप. आत नांगर, पेटी, घड्याळ अन् मी. पेटीत उंदीर शिरला तेव्हा जो एक सूर निघाला, तेवढंच गाणं सगळ्या उन्हाळ्यात. मी मनातल्या मनात पाय मोजायची. एक कौशल्याचा, एक अंबूचा. दोघींचे मिळून भुईले लागायचे तो आवाज कसा होता, तो जाऊ नये म्हणून घोकत राह्यली.

सुटी संपली. पावसाळ्यात पेशी निघाली. मोतीरामनं पुकारा केला, "कौशल्याबाईऽ विरुद्ध हिंमतरावऽ!"

नेहमीचं "चला वैनी" आलं नाही. त्यानं पुन्हा आवाज दिला, "हिंमतरावऽ, हाजिर हाय काऽ!"

दारातून कौशल्याबाईचा आवाज आला. "कोनाले आवाज देता, भाऊ? ते गेले. चैतातच गेले. नका देऊ आता आवाज."

 बाहेर कोणी बाई हुंदका देते तसा आवाज आला अन् तो आमच्या मुद्दईचा होता. मुद्दालेहासाठी.

आत हिंमतरावाचा वकील उभा राह्यला. "साहेब, आमचे पक्षकार चैत्रात वारले. कायद्यानं तीन महिन्यांत त्यांचे वारस दाव्यात दाखल करायला पाहिजे होते. वादीनं केले नाहीत. दावा आपोआप संपला."

चैत्रापासून हे त्याले माहीत होतं अन् तो तोंड शिवून बसला होता. तेही कायद्यात बसते म्हणे. शेषराव वकिलाले मात्र काहीच माहीत नव्हतं. बाईले घेऊन तो बाहेर आला, थेट नाझरच्या दारापाशी. म्हणून मले शब्दन् शब्द ऐकू आला.

"बाई, एवढी मोठी गोष्ट! मला सांगितली का नाही?"

"काय सांगू? घरातला मानूस गेला. मी अंबूपाशी बसू का तुमच्यापाशी येऊ?"

"अहो, हिंमतरावांच्या जागी अंबूबाईंचं नाव लावायचं होतं. एक अर्ज. बस."

"तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या, अन् मी तिच्या नावानं कागद धाडू? का, तुहा नवरा मेला, आता तू भांड माह्यासंगं? असं कोन करते वकीलसाहेब?"

वकिलानं हातातला बस्ता बगलेत धरला. मग म्हणाला, "सगळेच करतात, बाई."

"मंग सगळ्यांले इचारा कसं करते ते."

अशा तऱ्हेनं माझा दावा मेला. पण मी नाही मेली, तीच पंचाईत. दावा संपला म्हणून मी मोकळी होईल असं मले वाटलं, तेही माझं येडेपणच. नाझर म्हणाला, हुकूम नाही, सोडता येत नाही. दावा नाही म्हणून पेशी नाही, पेशी नाही म्हणून पुकारा नाही. मोतीरामच्या आवाजात आमचं नाव येईना. तेव्हा मले समजलं, पुढच्या पेशीचाही एक आधार असतो. कोणीतरी आपल्यासाठी भांडून राह्यलं आहे, एवढं तरी असते. आता माझ्यासाठी कोणी भांडतही नव्हतं. बस्त्यांवर धूळ, माझ्यावर बस्ते.

पण शेषराव वकील चिकट माणूस. त्यानं अर्ज दिला, की उशिराले सबळ कारण आहे, दावा पुन्हा जिवंत करावा. अंबूबाईले नोटीस गेली. अन् पेशीच्या दिवशी मोतीराम भाकर सोडताना नाझरले सांगत होता, "दोघी एकाच गाडीत आल्या हो. एक मुंडी इकडं करून, एक तिकडं करून."

जज्जसाहेबांनी अंबूबाईले विचारलं, "दावा पुन्हा चालवायला तुमची काही हरकत?"

तिच्या वकिलानं आधीच शिकवून ठेवलं असणार. पण ती म्हणाली, "साहेब, तेराव्यापर्यंत ही माह्या चुलीपाशी होती. मले उठवे, मले खाऊ घाले, माही वेणी घाले. मंग मी आजारी पडली. तवाबी हीच. ही कोर्टात कवा येईल?"

"म्हणजे हरकत नाही?"

"हरकत हाय. पर ते हिच्यासंगं हाय, कोर्टासंगं नाही."

सगळे हसले. साहेबही हसले असतील, कारण जरा वेळानं खोकले. दावा जिवंत झाला.

मग एक दिवस मले कोर्टात नेलं. हो, नेलं! दोन पट्टेवाल्यांनी उचलून, साहेबांपुढं. साहेब माझ्यावर बसले नाहीत, नुसते चष्म्यातून पाहिले. मी तरी जरा चकाकायचा प्रयत्न केला, पण धूळ होती.

धाडवरून कडूबा सुताराले साक्षीले आणलं होतं. पार म्हातारा. त्यानं माझ्यावरून हात फिरवला, थांबला, अन् मले वाटलं आता रंधा मागतो. "माहीच हाय," म्हणाला. "कौशल्याच्या आंदनाची."

अंबूबाईच्या वकिलानं उलट विचारलं, "आणि या कड्या? त्याही तुम्हीच केल्या?"

"मी सुतार हाय. कासार नाही."

"म्हणजे कड्या कौशल्याबाईंच्या माहेरच्या नाहीत?"

"ते कासाराले इचारा."

इथंच माझं नशीब फुटलं. हिंमतरावानं मरायच्या आधी कैफियतीत लिहून ठेवलं होतं की कड्या बापानं केल्या आहेत. म्हणून साहेबांनी मुद्दे दोन काढले होते. मुद्दा पहिला, फळी कोणाची. मुद्दा दुसरा, कड्या कोणाच्या. बंगई कोणासाठी, असा मुद्दा कोणी मागितला नाही, म्हणून तो निघाला नाही. कोर्ट फार न्यायाचं असते, पण विचारलं तेवढंच सांगते.

अंबूबाईची साक्ष झाली. तिनं सरळ सांगितलं, "फळी हिच्या माहेरची. कड्या माह्या सासऱ्यानं केल्या, त्या माह्या घरच्या." दोन्ही खरं होतं.

साहेबांनी लेखणी ठेवली. "बायांनो, मी हे लिहिलं तर फळी एकीला जाईल आणि कड्या दुसरीला. त्यापेक्षा तडजोड करा. दोघी मिळून काय ते ठरवा, मी तसा हुकूम करतो. करता का?"

मी श्वास रोखला. लाकडाले जेवढा रोखता येते तेवढा.

कौशल्याबाई म्हणाली, "इले इचारा."

अंबूबाई म्हणाली, "तिले इचारा."

"मी दोघींना विचारतोय."

"ती म्हनत असंन तं," कौशल्याबाई म्हणाली.

"ती म्हनत असंन तं," अंबूबाई म्हणाली.

साहेबांनी जरा वाट पाहिली. मग लेखणी उचलली.

निकालाच्या दिवशी अंबूबाई नाझरच्या खोलीत आली, कड्या ताब्यात घ्यायला. नाझर अंगठ्याची शाई शोधत होता. तेवढ्यात तिनं माझ्या पश्चिमेच्या टोकावर हात ठेवला. बसताना तिची बोटं टेकायची ती जागा अजून तशीच गुळगुळीत होती. हळूच म्हणाली, "अर्धी तिची, अर्धी माही. आता माह्याशिवाय तिले बसता येत नाही, अन् तिच्याशिवाय मले. आता तं येईल ना बसाले?"

म्हणजे तिनं हे जाणून केलं होतं! भोळी बाई. तिले वाटलं, वाटणीनं माणसं जवळ येतात.

पट्टेवाल्यानं माझ्या कोपऱ्यांतून कड्या सोडवल्या. दुखलं नाही. पण इतकी हलकी झाली की मले माझीच ओळख पटेना. बंगई म्हणावं तर कड्या नाहीत. पाट म्हणावं तर फार लांब.

परत जाताना आम्ही सगळ्या एकाच गाडीत. खाली मी, माझ्यावर कड्या पसरलेल्या, दोन्ही बाजूले दोघी. गाडी उसळली की मोर खणखणायचे. दोघी जरा इकडं-तिकडं पाहायच्या. माझ्यावर एवढ्या जवळ त्या दोघी वर्षा-दीड वर्षात बसल्या नव्हत्या. रस्ता संपू नये असं मले वाटत होतं. रोहिणखेड आलं.

भिंतीपाशी गाडी थांबली. गाडीवानानं विचारलं, "कुठी उतरवू?"

कौशल्याबाईनं भिंतीकडं पाहिलं. अंबूबाईनं कड्या उचलल्या, काखेत धरल्या, अन् उभी राह्यली. कौशल्याबाईनं माझ्यावर हात ठेवला, अन् तीही उभी राह्यली. दोघी चांगल्या उभ्या राह्यल्या. बैलानं शेण टाकलं तेवढा वेळ. मग अंबूबाई आपल्या दारात गेली.

आता मी कौशल्याबाईच्या खोलीपुढं आहे, चार विटांवर. टांगायला इथं काहीच नाही, ते मी आधीच सांगितलं. दुपारी ती माझ्यावर बसते, पूर्वेच्याच टोकाले. मी आता तिरपी होत नाही. विटा मले होऊ देत नाहीत. तिचे पाय मात्र अजून भुईले टेकतात, मागं रेटतात, अन् मग तिच्या लक्षात येते.

भिंतीपलीकडं अंबूबाईनं कड्या तुळईले टांगून ठेवल्या आहेत, रिकाम्या. वारा आला की चार मोर एकमेकांवर आपटतात. तो आवाज इकडं येतो. कौशल्याबाई सूप थांबवते, ऐकते. पलीकडंही सूप थांबते, मले ऐकू येते. मग दोन्ही सुपं पुन्हा चालू होतात.

एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "बोलावलं तं जाईन." बोलावणं आलं नाही. येणार कसं? ती पलीकडं म्हणून राह्यली असेल, आली तर बसवीन.

तुमच्यापैकी कोणी कधी रोहिणखेडले आलं, तर माझं एवढं काम करा. मले मोडलेली नाही म्हणा, नुसती सोडवलेली आहे म्हणा. अन् दोघींपैकी कोणाले तरी विचारा. तुम्ही पाव्हणे, तुमचं ऐकतील. कोर्टासारखं दोघींले एकदम विचारू नका. एकीलेच विचारा.

काल दुपारी पुन्हा वारा सुटला. कड्या वाजल्या. कौशल्याबाईनं सूप खाली ठेवलं अन् भिंतीच्या फाटकाकडं पाहत राह्यली. मले राहवलं नाही. मी सगळा जोर लावून म्हणाली, उठ बाई. कोणाची वाट नको पाहू. घे मले डोक्यावर अन् चल पलीकडं, ती आकड्याखाली सूप घेऊन बसली आहे. एकदा तू मले विचारलं होतं, येतं का म्हणून. आता मी तुले विचारून राह्यली. येतं का माह्यासंगं?

विटांवर बसून जेवढं कुरकुरता येते तेवढी कुरकुरली.

कौशल्याबाईनं खाली वाकून माझ्याकडं पाहिलं. माझ्या चारही कोपऱ्यांतल्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं, अन् म्हणाली, "काऊन वं कुरकुरतं? कड्याच नाहीत. तेल कुठी घालू?"